राग गिळला म्हणून गाठ होत नाही

(पत्र थोडं संक्षिप्त केलं आहे.)

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी ४६ वर्षांची आहे. माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे ताईला, ४९व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाल्याचं तीन महिन्यांपूर्वी कळलं. ऑपरेशन झालं, आता केमो सुरू आहे. ताईचा स्वभाव लहानपणापासून सोसण्याचा. रडणार नाही, चिडणार नाही, कुणाला काही सांगणार नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "सगळं मनात ठेवते ना, त्यानेच झालं." तीसुद्धा आता तेच म्हणायला लागली आहे.

दीड वर्षापूर्वी आईला कुणी सांभाळायचं यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी नको नको ते बोलले. ती एका शब्दाने उलटून बोलली नाही. नंतर कितीतरी महिने आमचं बोलणं बंद होतं. मग ही बातमी आली. माझ्यामुळे तर झालं नाही ना, हा विचार रात्री झोपू देत नाही.

मध्यंतरी मी तणावमुक्तीच्या एका शिबिराला गेले होते. दाबलेला राग छातीत साठतो आणि त्याची गाठ होते, असं तिथे सांगितलं. एक प्रश्नावली भरून घेतली आणि मीही 'टाइप सी' स्वभावाची, म्हणजे राग-दुःख मनात दाबून ठेवणारी, निघाले. म्हणजे आता माझा नंबर का? या वयात स्वभाव बदलायचा तरी कसा?

(आमच्या आईकडे कुणालाच कॅन्सर नाही, त्यामुळे आनुवंशिक काही नाही हे नक्की. आत्या ओव्हरीच्या कॅन्सरने ४४व्या वर्षी गेली, पण तो कॅन्सर वेगळा आणि बाबांकडचा.)

– एक धाकटी बहीण

नमस्कार.

भांडणापासूनच सुरुवात करते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. ताईची गाठ तुमच्या बोलण्याने झालेली नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, हिशोबच तसा आहे. गाठ साधारण एक सेंटिमीटरची होते, तेव्हा तिच्यात सुमारे १०० कोटी पेशी असतात. एका बिघडलेल्या पेशीपासून तिथवर पोचायचं तर ३० वेळा दुप्पट व्हावं लागतं, आणि स्तनातल्या बहुतेक गाठींना एकदा दुप्पट व्हायलाच काही महिने लागतात. म्हणजे काम वर्षांचं, अनेकदा आठ-दहा वर्षांचं. दीड वर्षापूर्वी तुम्ही दोघी भांडलात तेव्हा ती गाठ बहुतेक तिथे होतीच. तुम्हाला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं.

भांडणात तुम्ही जे बोललात त्याची माफी मागायची असेल तर जरूर मागा. पण ती भांडणाची माफी असू द्या. "माझ्यामुळे तुला कॅन्सर झाला" असं म्हणत गेलात, तर केमोने थकलेल्या बाईला उठून तुमचीच समजूत काढावी लागेल. आणि तुम्ही लिहिलंय तसा तिचा स्वभाव असेल, तर ती ते करेलही.

आता स्वभावाचं. शिबिरात जे सांगितलं ते नवीन नाही. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलं होतं की उदास प्रकृतीच्या बायकांना स्तनाचा कर्करोग जास्त होतो. त्याच्या मते दोष काळ्या पित्ताचा होता. पित्ताचा सिद्धांत वैद्यकाने केव्हाच टाकून दिला, पण उदास बाईचं चित्र तेवढं मागे राहिलं. १९७५ साली लंडनमध्ये ग्रीअर आणि मॉरिस या संशोधकांनी त्याला आधुनिक रूप दिलं. स्तनातल्या गाठीच्या तपासणीसाठी आलेल्या १६० स्त्रियांच्या त्यांनी मुलाखती घेतल्या, निकाल हाती येण्याआधी. पुढे ६९ जणींना कॅन्सर निघाला आणि त्यांच्यात राग कमालीचा दाबून ठेवणाऱ्या जास्त दिसल्या. अभ्यास प्रामाणिक होता, पण लहान होता. शिवाय हाताला लागलेली गाठ, डॉक्टरांचा चेहरा, घाईने दिलेली तारीख, यांवरून बाईला बऱ्याचदा निकालाआधीच अंदाज आलेला असतो. तो अंदाज घेऊन मुलाखतीला बसलेली बाई नेहमीसारखी बोलेल का? 'टाइप सी' हे नाव १९८०च्या दशकात रूढ झालं. मानसशास्त्रज्ञ लिडिया टेमोशॉक यांनी ते वापरलं, आणि त्यांचा अभ्यास तेव्हा मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरचा चालला होता.

यानंतरचा भाग तुमच्या शिबिरात कुणी सांगितला नसणार, म्हणून जरा सविस्तर सांगते. हान्स आयझेंक हे ब्रिटनमधले मोठे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिचेक या सहकाऱ्याने कॅन्सर ओढवून घेणारा असा एक स्वभावच असल्याचं मांडलं, आणि त्या स्वभावाच्या माणसांचा धोका इतक्या पटींनी वाढलेला दाखवला की एवढे आकडे वैद्यकात सहसा दिसतच नाहीत. नुसत्या समुपदेशनाने कॅन्सरचे मृत्यू टळतात, असाही त्यांचा दावा होता. आयझेंक यांना तंबाखू कंपन्यांकडून पैसा मिळत होता. कॅन्सरला सिगारेटपेक्षा माणसाचा स्वभाव जबाबदार, हे कुणाला ऐकायला आवडलं असेल ते सांगायला नको. या आकड्यांवर १९९०च्या दशकातच शंका घेतल्या गेल्या होत्या, पण आयझेंक १९९७ साली वारले तोवर त्यांचं काही बिघडलं नाही. अखेर २०१९ मध्ये, ते जिथे काम करत होते त्या किंग्ज कॉलेज लंडनने चौकशी केली आणि या दोघांचे २६ शोधनिबंध विश्वासार्ह नाहीत असा निर्वाळा दिला. त्यातले कित्येक पुढे नियतकालिकांनी मागे घेतले. पण मागे घेतलेला निबंध शिबिरांमधून मागे घेतला जात नाही.

मग खरं काय ते कसं शोधायचं? आजार झाल्यावर विचारून नाही. कॅनडात स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या स्त्रियांना त्यांच्या आजाराचं कारण विचारलं होतं, तेव्हा ४२ टक्के जणींनी ताण हे कारण दिलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. कॅन्सर झालेला माणूस मागची दहा वर्षं उसवून बघतो आणि दहा वर्षांत कुणाच्याही घरात एखादा मृत्यू, एखादं भांडण, एखादी बुडालेली नोकरी सापडतेच. ज्यांना कॅन्सर झालेला नाही त्यांच्याही घरात सापडेल, फक्त त्यांना कुणी विचारायला जात नाही. म्हणून माणसं धडधाकट असतानाच त्यांचा स्वभाव आणि ताण नोंदवून ठेवायचा, आणि मग वर्षानुवर्षं कुणाला काय होतं ते बघत राहायचं, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग.

असे अभ्यास झालेले आहेत. स्वीडन आणि फिनलंडमधल्या ५९,५४८ जणांचा स्वभाव आधी नोंदवून त्यांच्यावर काही दशकं लक्ष ठेवलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१० साली आले. माणूस बोलका की घुमा, शांत की सदा काळजी करणारा, यांपैकी कशाचाच कॅन्सर होण्याशी संबंध दिसला नाही. २०१४ मध्ये सहा वेगवेगळ्या अभ्यासांतले ४२,८४३ लोक एकत्र घेऊन स्वभावाचे पाच मुख्य पैलू तपासले. त्यात स्तनाचा कॅन्सर वेगळा काढूनही पाहिला. पाचही पैलू कोरे निघाले. तुमच्याकडून भरून घेतलेली प्रश्नावली तुम्ही अबोल आहात एवढं फार तर सांगेल. त्यापुढे जाऊन तुमच्या स्तनाविषयी बोलण्याचा तिला काही अधिकार नाही.

ताणाचं चित्र एवढं एकसारखं नाही, आणि ते तसंच तुमच्यापुढे ठेवते. फिनलंडमध्ये १०,८०८ स्त्रियांच्या एका अभ्यासात घटस्फोट किंवा नवऱ्याचा मृत्यू सोसलेल्यांना स्तनाचा कॅन्सर जास्त झाल्याचं दिसलं होतं. हा निष्कर्ष २००३ चा, आणि 'ताणाने कॅन्सर' म्हणणारे अजून तो पुढे करतात. त्यात कॅन्सर झालेल्या एकूण १८० जणी होत्या. त्यांच्यातल्या विधवा आणि घटस्फोटित वेगळ्या काढल्या की हातात मूठभरच उरतात. दोनच वर्षांनी कोपनहेगनहून नेमका उलटा निकाल आला. तिथे ६,६८९ स्त्रियांवर १८ वर्षं लक्ष ठेवलं होतं, आणि ज्यांनी 'मला खूप ताण आहे' असं सांगितलं होतं त्यांना स्तनाचा कॅन्सर कमी झाला! स्तनातल्या बऱ्याच गाठींना वाढायला मदत करणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन सततच्या ताणाने कमी तयार होत असावं, असा संशोधकांचा अंदाज होता. यावरून भरपूर ताण घ्या असा सल्ला कुणी दिला नाही, देऊही नये. पण एकाच प्रश्नाला उत्तर युरोपातल्याच दोन देशांतून अशी उलटसुलट उत्तरं येतात, तेव्हा दोन्हीकडे जरा सावधपणे बघायचं असतं.

मग मोठ्या अभ्यासांकडे वळायचं. ब्रिटनमध्ये १ लाख ६ हजारांहून जास्त स्त्रियांवर लक्ष ठेवलेल्या अभ्यासाचा अहवाल २०१६ साली आला. ताण किती वेळा जाणवतो याचा स्तनाच्या कॅन्सरशी संबंध नाही, आणि नवरा गेला, जवळची मैत्रीण गेली, घटस्फोट झाला, तरी एकूण धोका वाढलेला नाही. घटस्फोटाच्या बाबतीत कॅन्सरच्या एका उपप्रकारापुरतं काही वेगळं दिसलं, तेवढं सोडलं तर चित्र स्वच्छ आहे. नोकरीतल्या ताणाचंही युरोपातल्या १ लाख १६ हजार माणसांवर पाहून झालं आहे. २०१३ च्या त्या निष्कर्षांत स्तनाचाच काय, इतर प्रमुख कॅन्सरचाही धोका वाढलेला नव्हता. ब्रिटनच्या त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे. वीस वर्षांची व्हायच्या आत जिची आई गेली, तिला मात्र धोका जास्त दिसला. एवढं मोठं दुःख, म्हणजे ताणच की, असं वाटेल. पण स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालेल्या आया हिशोबातून वगळल्यावर ती वाढ बरीच खाली आली.

"भांडणाने गाठ झाली नसेल, पण वाढली असेल," असं आता तुमचं मन म्हणेल. ताणाच्या रसायनांनी उंदरांमध्ये गाठीचा प्रसार वाढल्याचे प्रयोग आहेत आणि त्यावर गांभीर्याने काम चालू आहे. पण पिंजऱ्यात डांबून ठेवलेल्या उंदरावरून बहिणीबहिणींच्या अबोल्याचा हिशोब मांडता येत नाही.

ताण वाईट नाही, असं मला म्हणायचं नाही. ताण झोप घेतो, रक्तदाब वाढवतो, हृदयाला त्रास देतो. कॅन्सरच्या बाबतीत तो आडवाटेने येतो. ताणातला माणूस दारू जास्त पितो, आणि दारूचा स्तनाच्या कॅन्सरशी पक्का संबंध आहे. रोज १० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे जेमतेम एक छोटा पेग, पोटात जात असेल तर धोका साधारण ७ टक्क्यांनी वाढतो. ताणात चालणंफिरणं सुटतं आणि वजन चढतं. पाळी गेल्यानंतर चरबीतूनच इस्ट्रोजेन तयार होत असल्याने ते वजन नडतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तपासणी पुढे ढकलली जाते. "सध्या एवढं चाललंय, हे आणखी नको," म्हणून हाताला लागलेली गाठ सहा महिने कुणाला न दाखवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर ताणाने केलेला अन्याय खराच आहे. गाठ त्याने केलेली नसते, उशीर केलेला असतो.

भेटायला येणाऱ्यांविषयी मला थोडा राग आहे, तो बोलून टाकते. मुलीला लहानपणापासून शिकवायचं की उलटून बोलू नये, सोसावं, चारचौघांत रडू नये. ती ते शिकली, पन्नाशीपर्यंत निभावलं, आणि आजारी पडल्यावर तिच्या उशाशी बसून तिलाच सांगायचं की हे तुझ्या सोसण्याचं फळ. सांगणाऱ्याला त्यातून एक छुपा दिलासा मिळतो. मी तर मोकळं बोलते, म्हणजे मला काही होणार नाही. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे स्तनाच्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये बाई असणं आणि वय चाळिशीपुढे असणं यापलीकडे कुठलंच ठळक कारण सापडत नाही. २०२२ साली जगभर २३ लाख स्त्रियांना हा आजार झाल्याचं निदान झालं. त्यांत भांडकुदळ होत्या, हसऱ्या होत्या, घुम्याही होत्या.

याच समजाचा दुसरा अवतार म्हणजे "पॉझिटिव्ह राहा, लढ, मग बरी होशील." तोही ताईला आता रोज ऐकावा लागत असणार. ब्रिटनमध्ये ५७८ रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासात (१९९९) लढाऊ बाण्याने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पार हताश झालेल्यांचं मात्र काहीसं जास्त वाईट झालं होतं, म्हणून ताई अगदीच खचलेली दिसली तर तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. रुग्णांच्या आधारगटाने आयुष्य वाढतं, असं १९८९ साली गाजलेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळलं होतं. २००१ मध्ये २३५ स्त्रियांवर पडताळून पाहिलं तेव्हा आयुष्य वाढलं नाही, पण मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली. एवढ्यासाठीसुद्धा असा गट मोलाचा आहे. पण एखाद्या दिवशी ताईला भिंतीकडे तोंड करून पडून राहावंसं वाटलं तर पडू दे. त्याने तिची केमो कमी लागू पडणार नाही.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. ते तुम्ही शेवटी, कंसात लिहिलं आहे. आत्या, ओव्हरीचा कॅन्सर, ४४वं वर्ष.

हा कॅन्सर 'वेगळा' नाही, आणि बाबांकडचा आहे म्हणून हिशोबाबाहेरही नाही. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांमध्ये दोष असेल तर स्तनाचा आणि ओव्हरीचा, दोन्ही कॅन्सरचा धोका एकदमच वाढतो. विशीच्या आत आई गेलेल्या मुलींचं मघाशी सांगितलं, तिथे वाढलेल्या धोक्याचा बराच भाग दुःखाचा नव्हे, अशा वारशाचा असावा. असा दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ८०व्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. हा दोष वडिलांकडूनही येतो, आईकडून येतो तितक्याच सहज, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. पुरुषाला स्वतःला बऱ्याचदा काही झालेलं नसतं, त्यामुळे तो दोष घराण्यात दिसत नाही. बाबांकडचं मोजायचंच नाही, ही चूक घरोघर होते आणि कधीकधी दवाखान्यातही होते.

तुमच्या घरात असा दोष आहेच असं मी म्हणत नाही. स्तनाच्या एकूण कॅन्सरपैकी आनुवंशिक दोषामुळे होणारे फक्त ५ ते १० टक्के. पण पन्नाशीच्या आत बहिणीला स्तनाचा, आत्याला त्याहून कमी वयात ओव्हरीचा, एवढं समोर असताना तपासून न बघणं चूक ठरेल. रक्ताची चाचणी असते. ती आधी ताईची व्हायला हवी, कारण आजार तिला झालेला आहे. दोष असेल तर तिच्यात सापडण्याची शक्यता जास्त. शिवाय त्या निकालावर तिची काही औषधं आणि दुसऱ्या स्तनाविषयीचे निर्णयही अवलंबून असू शकतात, म्हणून हे लवकर विचारलेलं बरं. ताईत दोष सापडला तर नेमका तेवढाच तुमच्यात शोधता येतो. तुमच्यात तो नसेल, तर तुमचा धोका इतर बायकांच्या जवळ येतो. असेल, तर एमआरआयसह नियमित तपासणी, औषधं, काही शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत, आणि ते ठरवायला जेनेटिक कौन्सेलरची मदत मिळते. ताईचा निकाल निर्दोष आला तरी सख्ख्या बहिणीला कॅन्सर झाल्याने तुमचा धोका साधारण दुप्पट धरतात, म्हणून मॅमोग्राफी कधीपासून आणि किती वेळाने करायची हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. तुम्हाला भाऊ असेल तर त्यालाही हे कळायला हवं. बीआरसीए२ चा दोष असलेल्या पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर होण्याचा धोका जास्त असतो.

मधल्या काळात कुठे गाठ लागली, त्वचेला खळी पडली, स्तनाग्र आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. दुखत नाही म्हणून तर मुळीच थांबू नका. या गाठी सुरुवातीला बहुधा दुखत नाहीत.

शिबिराला जाऊन मोकळं वाटत असेल तर जात राहा, माझी काही हरकत नाही. राग व्यक्त करायला शिकण्याचे फायदे आहेत, घरच्यांनाही कळतं तुम्हाला काय हवंय ते. कॅन्सर टाळायचा म्हणून मात्र स्वभावाशी झगडू नका.

ताईच्या पुढच्या केमोला तुम्ही बरोबर जा आणि तिच्या डॉक्टरांना आत्याचं सांगा. जुने कागद सापडले नाहीत तरी अडणार नाही. आजाराचं नाव, आत्याचं तेव्हाचं वय आणि ती बाबांची सख्खी बहीण होती, एवढी माहिती त्यांना सुरुवातीला पुरते.